स्वस्तातला मोठा टीव्ही घ्यावा का?

चंदननगरहून खराडीकडे येताना दुकानांच्या फलकांकडे बघत चला. एकेकाळी बत्तीस इंची टीव्ही म्हणजे मोठा टीव्ही होता. आता पंचावन्न इंचाच्या खाली कुणी बोलायला तयार नाही, आणि किंमत सांगतात तीस हजारांच्या आसपास. आमच्याकडेही हल्ली हाच प्रश्न येतो: इतका मोठा टीव्ही इतक्या कमी पैशात मिळतोय, घेऊन टाकू का? खराडीत आयटी पार्कशेजारच्या मोठ्या फ्लॅटमध्येही हा प्रश्न आहे आणि थिटे वस्तीतल्या भाड्याच्या खोलीतही. उत्तर मात्र दोन्हीकडे सारखं नाही, आणि तीस हजार ही रक्कम दुसऱ्या घरात वर्षाची शिल्लक असते. म्हणून आज जरा बैजवार बोलू.

आधी फलकावरचा एक मुद्दा निकालात काढू. 'जीएसटी कमी झाला, टीव्ही स्वस्त झाला' हे खरं आहे, पण सगळ्या टीव्हींच्या बाबतीत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. बत्तीस इंच आणि त्याहून लहान टीव्हीवर तो आधीपासूनच १८ टक्के होता, तिथे काहीच बदललं नाही. करापूर्वी २५,००० रुपये किंमत असलेला मोठा टीव्ही आधी ३२,००० ला पडायचा, तो आता २९,५०० ला पडेल. म्हणजे फरक अडीच हजारांचा. बत्तीस इंची टीव्हीवर कुणी जीएसटी कपातीची सूट सांगत असेल, तर ती दुकानदाराची स्वतःची सूट आहे, सरकारची नाही.

आता इंचांकडे येऊ. इंच मोजतात ते तिरके, पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. त्यामुळे आकड्यावरून भिंतीवर किती जागा जाईल हे कळत नाही. पंचावन्न इंची पडदा चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच असतो. त्रेचाळीस इंची असतो साधारण तीन फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच. दुकानाच्या मोठ्या हॉलमध्ये दोन्ही लहानच वाटतात. म्हणून दुकानात जाण्याआधी घरच्या भिंतीवर खडूने चौकोन आखा आणि रोज जिथे बसता तिथे बसून बघा. देवाचा फोटो हलवावा लागतोय का, कपाटाचं दार त्यावर आपटतंय का, हेही तेव्हाच कळेल.

खरा गुंता चित्राचा आहे, आणि तो समजायला आपल्याला ठिपक्यांची रांगोळी पुरेशी आहे. टीव्हीवरचं चित्र ठिपक्यांचंच असतं. केबलवर किंवा डिशवर साधा पॅक असेल तर चॅनलच्या एका चित्रात चार लाखांच्या आसपास ठिपके येतात. एचडी चॅनलवर वीस लाखांहून जास्त. आणि ज्याला फोर-के म्हणतात त्या पडद्यावर त्र्याऐंशी लाख ठिपक्यांची जागा असते. आता पंधरा ठिपक्यांची रांगोळी तुळशीपुढे काढली तर भरगच्च दिसते. तेवढेच ठिपके अख्ख्या अंगणात पसरून काढले तर मधली जागा ओकीबोकी दिसणार. साधं चॅनल पंचावन्न इंचांवर लावलं की नेमकं हेच होतं. मधल्या जागा टीव्ही स्वतः अंदाजाने भरतो, आणि स्वस्त टीव्हीच्या आतला चिप हा अंदाज बरा करत नाही. मग मालिकेतल्या नायिकेचा चेहरा मेणाचा वाटतो आणि बातम्यांची पळती पट्टी फुटते.

हे अंतरावर अवलंबून असतं. साधं चॅनल चांगल्या नजरेच्या माणसाला सुबक दिसायचं, तर बत्तीस इंचांसमोर आठेक फुटांवर बसावं लागतं, त्रेचाळीससमोर साडेदहा फुटांवर आणि पंचावन्नसमोर तेरा-साडेतेरा फुटांवर. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ टेकून बसलं तरी डोळ्यांपासून पडदा जेमतेम नऊ फुटांवर येतो. तेव्हा घरी साधा पॅक किंवा दूरदर्शनची फ्री डिश असेल आणि खोली दहा बाय दहाची असेल, तर त्या खोलीला शोभणारा टीव्ही बत्तीस इंचीच आहे. पैसे जास्त टाकून चित्र वाईट करून घेण्यात काय अर्थ? हे ऐकायला आवडत नाही हे आम्हाला माहीत आहे. शेजारणीकडे मोठा आला की आपल्या घरातला एकदम लहान दिसू लागतो, हेही माहीत आहे.

एचडी चॅनल किंवा फायबरचं इंटरनेट घरी असेल तर हिशेब फिरतो. एचडी चित्र पंचावन्न इंचांवर सात फुटांपासून पुढे छान दिसतं, त्रेचाळीसवर साडेपाच फुटांपासून. म्हणजे त्याच दहा बाय दहाच्या खोलीत मोठा टीव्ही शोभेल, पण त्याला पुरवठा तसा हवा. बहुतेक मोठ्या मराठी चॅनलना एचडी आवृत्ती आहे. मात्र तिचे महिन्याचे पैसे वेगळे, आणि जुना साधा बॉक्स बदलून एचडी बॉक्स घ्यावा लागतो. 'मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बघू' असं मुलं म्हणतात. एचडी चित्रपटाला तासाला तीन जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. रोजचा दीड-दोन जीबीचा रिचार्ज मध्यंतराच्या आतच संपेल. फोर-केला तर तासाला सात जीबीपर्यंत. शिवाय फोर-केमध्ये बघण्यासारखं आपल्या रोजच्या चॅनलवर जवळजवळ काही नाही, आणि नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी ते सर्वांत महागड्या योजनेतच मिळतं. त्यामुळे खोक्यावर फोर-के लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका. या आकारात आता जवळपास सगळेच टीव्ही फोर-के येतात.

मग एवढा मोठा टीव्ही इतका स्वस्त कसा देतात? काच मोठी दिसते, काटकसर मागे असते. पडद्यामागचे दिवे कमी आणि मंद असतात, म्हणून दुपारी खिडकी उघडी असली की चित्र फिकं पडतं आणि रात्रीच्या प्रसंगात काळ्याऐवजी राखाडी दिसतं. खोक्यावर 'एचडीआर' छापलेलं असतं, पण त्यासाठी लागणारा उजेड त्या पडद्यात नसतो. मेमरी कमी असते. पहिले सहा महिने स्मार्ट टीव्ही झकास चालतो, मग यूट्यूब उघडेपर्यंत चहा होतो. काही टीव्हींत गुगलची अधिकृत प्रणाली नसते, मोबाइलवरची कशीबशी बसवलेली असते. त्यात काही अ‍ॅप नीट चालत नाहीत, काही नव्याने घेताच येत नाहीत. आवाज तर पातळ असतोच. आणि काही कंपन्या टीव्ही थोड्या नफ्यावर विकून उरलेले पैसे पडद्यावरच्या जाहिरातींतून काढतात. टीव्ही चालू केल्यावर आधी जाहिराती का दिसतात, तर यासाठी.

दुकानात जे लखलखीत चित्र दिसतं, ते खास दुकानासाठी बनवलेल्या व्हिडिओचं असतं, रंगही भडक करून ठेवलेले असतात. आपल्या फोनमधलं घरच्या लग्नाचं चित्रीकरण पेन ड्राइव्हवर नेऊन लावायला सांगा. सेट टॉप बॉक्सवर मराठी बातम्या लावायला सांगा आणि पळती पट्टी वाचता येते का बघा. यूट्यूब उघडायला किती वेळ लागतो तो मोजा. आणि मुख्य म्हणजे बाजूने बघा. पुष्कळ स्वस्त पडद्यांवर समोरून रंग छान आणि कडेने बघितलं की उडालेले, असं असतं. घरात समोरच्या कॉटवर कोण बसतं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मेथी निवडत तिरकं कोण बघतं, हे आम्ही वेगळं सांगायला नको. तुमच्या जागेवरून चित्र नीट दिसणार नसेल, तर तो टीव्ही घरासाठी घेतलेला आहे असं आम्ही म्हणणार नाही.

पुण्यात टीव्ही आला १९७३ मध्ये, सिंहगडावरून मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले तेव्हा. त्यानंतरची कित्येक वर्षं टीव्ही बिघडला की गल्लीतला मेकॅनिक पाठीमागचं झाकण उघडून तो चालू करून द्यायचा. आजच्या टीव्हीत तसं राहिलं नाही. आवाज येतोय आणि चित्र नाही, अशा वेळी अंधारात मोबाइलची बॅटरी पडद्यावर मारून बघा. अंधूक चित्र दिसलं तर मागच्या दिव्यांची पट्टी गेलेली असते. ती चांगला कारागीर बदलून देतो. पण पडदाच गेला तर त्याचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास जातो, आणि चेंडू लागून फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही. साधारण वॉरंटी असते एक वर्षाची. तेव्हा घेण्याआधी कंपनीच्या साइटवर ४११०१४ हा आपला पिनकोड टाकून बघा, पुण्यात दुरुस्ती केंद्र आहे की माणूस बाहेरगावाहून येणार. या एका गोष्टीवरून आम्ही दोन टीव्हींमधला एक निवडू, भले तो दोन हजारांनी महाग असो.

भाड्याने राहणाऱ्यांना आणखी एक बघावं लागतं. अकरा महिन्यांच्या करारावर घर बदलायचं तर टीव्हीही टेम्पोत चढणार. मोठा पडदा आडवा ठेवून नेला तर एका गचक्यात तडकू शकतो, तो उभाच न्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ खोकं जपून ठेवावं लागतं. पाच फुटी खोकं ठेवायला एका खोलीच्या घरात माळा तरी कुठून आणायचा! भिंतीला भोकं पाडायला घरमालकाची परवानगी विचारा. पत्र्याच्या किंवा पातळ भिंतीवर मोठा टीव्ही टांगू नका. लहान मुलं असतील तर नुसता टेबलावरही ठेवू नका, मूल ओढून तो अंगावर घेऊ शकतं.

विजेचं फार भय नको, पण हिशेब असू द्या. पंचावन्न इंची टीव्ही साधारण १२० वॅट घेतो असं धरलं, तर रोज पाच तासांचे महिन्याला १८ युनिट होतात. बत्तीस इंची ५० वॅटचा धरला तर साडेसात. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांनंतरचे युनिट महाग दराने लागतात. तुमचं बिल शंभराच्या काठावर असेल तर हे दहा-अकरा युनिट त्या महाग दरात जातील. नेमका आकडा हवा तर टीव्हीवरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात.

पैशांबद्दल. 'शून्य व्याजाचा हप्ता' असं काही नसतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना शून्य टक्क्यांच्या योजनांवरून खडसावलं होतं. तेव्हापासून व्याज सवलतीच्या नावाने आत वळवलेलं असतं आणि वरून प्रोसेसिंग फी लागते. आधी रोख किंमत विचारा, मग हप्त्यांची बेरीज आणि फी मिळवून बघा. गटातून ३०,००० उचलले, महिना शेकडा दोन रुपयांनी आणि बारा सारख्या हप्त्यांत फेडले, तर व्याज ३,९०० रुपये होतं. ते निदान आपल्याच गटात राहतं. तरीही शिलाई मशीनसाठी कुणी अर्ज केला असेल तर टीव्हीचा अर्ज तिच्यामागे ठेवावा, असं आमचं मत आहे.

एकंदरीत आमचा कल असा. साधा पॅक आणि लहान खोली असेल तर बत्तीस इंची घ्या. इंटरनेट आहे, पण पैसे बेताचे आहेत, तर स्वस्तातल्या पंचावन्नपेक्षा त्याच पैशात चांगल्या प्रतीचा त्रेचाळीस इंची घ्या. एचडीचा पुरवठा आहे, आठ-नऊ फूट अंतर आहे, दुरुस्ती केंद्र शहरात आहे आणि कर्ज काढायचं नाही, तर स्वस्तातला पंचावन्न इंची जरूर घ्या. क्रिकेट बघायला आणि सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायला तो मजेचा आहे.

टीव्ही घरी आला की खोकं आणणाऱ्या माणसासमोर उघडा आणि उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. काही कंपन्या मात्र त्यांचा बसवणारा माणूस आल्याशिवाय खोकं उघडू देत नाहीत, ते आधी विचारून घ्या. टीव्हीच्या मागे मानक ब्युरोच्या चिन्हाखाली 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा आहे का बघता येतो. पक्की पावती घ्या, तिच्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीतूनही तक्रार घेतात.