बरणीतलं पित्ताशय

झाकण उघडताच फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांना झोंबतो. प्लास्टिकच्या बरणीत बोटभर लांबीची, नासपतीच्या आकाराची पिशवी असते. काल दुर्बिणीतून काढलेलं हे पित्ताशय. पॅथॉलॉजिस्ट ते पट्टीने मोजतात आणि कात्रीने उभं चिरतात. हिरवट पित्त ओघळतं, खडे ट्रेमध्ये पडतात. खड्यांकडे त्या फारसं बघत नाहीत. हातमोज्यातलं बोट आतल्या मखमली अस्तरावरून सावकाश फिरतं. भिंत कुठे जाड, कडक, पांढरट लागते का?

काही लागलं नाही तरी तळ, मधला भाग, मान आणि नळीचं कापलेलं टोक यांचे तुकडे घेतले जातात. मेणात बसवून त्यांचे ३-४ मायक्रॉन जाडीचे काप काढतात, रंगवतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

हा खटाटोप हवाच. पित्ताशयाचा कर्करोग खड्यांच्या दुखण्याआड लपतो. कावीळ होईपर्यंत, वजन उतरेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. वेळेत सापडतो तो बरेचदा असा, खड्यांच्या ऑपरेशननंतर, या टेबलावर. शिवाय या अवयवाची भिंत फार पातळ असते. अस्तर, स्नायूचा झिरझिरीत थर, आणि एका बाजूला लगेच यकृत. गाठ अस्तरापुरतीच असेल आणि नळीचं टोक स्वच्छ असेल, तर पित्ताशय काढलं तेवढा उपचार सहसा पुरतो. ती स्नायूत उतरली असेल, तर प्रकृती झेपणारी असल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते: लगतचा यकृताचा भाग आणि आसपासच्या लसीकाग्रंथी काढायच्या, त्यातल्या किमान सहा तपासायच्या. हे काम यकृत आणि पित्तमार्गाच्या कर्करोगात हात बसलेल्या सर्जनचंच.

देशात हा रोग गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, उत्तर प्रदेश-बिहारपासून बंगाल-आसामपर्यंत, जास्त दिसतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतो. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल कर्करोग रुग्णालयाच्या रांगेत म्हणूनच भोजपुरी कानावर पडते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशा दूरवरून आलेल्या कुटुंबांना आसरा मिळतो. २०१९मध्ये वाराणसीत टाटा केंद्राचं मोठं रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिकडच्या कित्येकांचा मुंबईचा फेरा वाचला.

अशा केंद्रात पोहोचल्यावर डॉक्टर पहिल्यांदा मागतात ते कागद आणि काचा: ऑपरेशनची नोंद, बायोप्सीचा रिपोर्ट, स्लाइड्स आणि मेणाचे ठोकळे. पित्ताशय काढताना फुटलं होतं का, पित्त पोटात सांडलं होतं का, हेही विचारतात, कारण पुढचा उपचार त्यावरही ठरतो.

आणि इथेच काही जणांचे हात रिकामे असतात. ऑपरेशननंतर नातेवाइकांना खडे बाटलीत घालून दिलेले असतात, पित्ताशय मात्र तपासणीला गेलेलंच नसतं. पोटात काय होतं हे सांगणारा एकमेव पुरावा कचऱ्यात गेलेला असतो.

घरात कुणाचं खड्यांचं ऑपरेशन ठरलं असेल, तर सर्जनला आधीच विचारा: पित्ताशय बायोप्सीला पाठवणार ना? रिपोर्ट यायला काही दिवस लागतील. टाके काढायला जाल तेव्हा तो मागून घ्या आणि सर्जनकडून समजून घेतल्याशिवाय उठू नका.