औषधविक्रेत्याचे दप्तर

अमेरिकेतील औषधव्यावसायिकांच्या संघटनेने 1952 साली मंजूर केलेल्या आचारसंहितेत, चिठ्ठीतील औषधाचे घटक किंवा परिणाम यांविषयी औषधविक्रेत्याने रुग्णाशी चर्चा करू नये, असे एक कलम होते; आणि बाटलीवर औषधाचे नावही बहुधा न लिहिण्याच्या त्या काळात ते कोणास फारसे खटकलेही नसावे. आलेली चिठ्ठी क्रमांकानुसार दप्तरी दाखल होई. रुग्णाच्या नावाचे स्वतंत्र खाते मात्र त्या दप्तरात नसे, आणि म्हणून एकाच गृहस्थास दोन डॉक्टरांनी दिलेली परस्परघातक औषधे दोन निरनिराळ्या तारखांखाली निमूट पडून राहत.

हा शिरस्ता मोडण्याचे श्रेय व्हर्जिनियातील बेरीव्हिल या लहानशा गावच्या युजीन व्हाइट यांचे. 1960 साली त्यांनी दुकानातील किरकोळ माल काढून तेथे डॉक्टरच्या कचेरीसारखी कचेरी थाटली, प्रत्येक कुटुंबाच्या नावे एक पत्रक ठेवले, आणि नवी चिठ्ठी येताच जुन्या औषधांशी तिचा मेळ बसतो की नाही हे त्यावरून ताडून पाहण्याचा प्रघात पाडला. समव्यावसायिकांना हे प्रथम विक्षिप्त वाटले. संघटनेने आपली संहिता बदलली ती 1969 साली.

दरम्यान 1963 साली इंग्लंडात, नॉटिंगहॅमच्या रो नामक औषधतज्ज्ञाने, नैराश्यावरील गोळ्या घेणाऱ्या आपल्या पत्नीचे मस्तक चीज खाल्ल्यावर असह्य दुखते, असे डॉ. बॅरी ब्लॅकवेल यांस पत्राने कळविले. ही सूचना आरंभी हास्यास्पद ठरली खरी. परंतु चीजमधील टायरामीन निष्प्रभ करणारे विकरच त्या गोळ्या रोखून धरीत असल्याने रक्तदाब एकाएकी चढतो, हे पुढे सिद्ध झाले.

तथापि खरा धडा शिकविला टर्फेनाडीन या सर्दी-शिंकांवरील लोकप्रिय औषधाने. एरवी यकृतातील विकर त्याचे झपाट्याने रूपांतर करी. परंतु सोबत एरिथ्रोमायसिन किंवा कीटोकोनाझोल घेतल्यास त्या विकराचे कार्य मंदावून मूळ द्रव्य रक्तात साचे व हृदयाची लय प्राणघातकपणे बिघडे. 1992 साली त्यावर चौकटीत ठळक इशारा छापण्यात आला, आणि 1998 पर्यंत ते अमेरिकेच्या बाजारातून गेले.

त्याच सुमारास, 1990 च्या केंद्रीय कायद्यान्वये, सरकारी वैद्यकीय साह्य घेणाऱ्यांची नोंद ठेवणे व औषध देण्यापूर्वी ती तपासणे 1 जानेवारी 1993 पासून बंधनकारक झाले. बहुतेक राज्यांनी हा नियम इतर रुग्णांनाही लागू केला. पत्रकाची जागा संगणकाने घेतली. पण क्षुल्लक आणि भयंकर अशा दोन्ही प्रकारच्या धोक्यांसाठी तो सारख्याच तत्परतेने इशारे देऊ लागला, तेव्हा ते न वाचताच पुढे सारण्याची सवय बोटांना जडली, यात मला नवल वाटत नाही.

2016 साली ‘शिकागो ट्रिब्यून’च्या बातमीदारांनी, एकत्र घेऊ नयेत अशा औषधांच्या चिठ्ठ्या 255 दुकानांत नेऊन पाहिल्या. 52 टक्के दुकानांनी त्या धोक्याविषयी चकार शब्द न काढता औषधे हवाली केली. आणि व्हाइट ज्या वर्गातले, त्या स्वतंत्र मालकीच्या दुकानांत हे प्रमाण 72 टक्के निघाले.