शंभर कार्डं आणि एक खोडरबर

जपानमध्ये डिसेंबर उजाडला की घरोघरी एक यादी निघते. नातेवाईक, कचेरीतली मंडळी, शाळेतले जुने शिक्षक, आणि गेल्या वर्षी ज्यांचं कार्ड आलं होतं ते सगळे. यांना नववर्षाचं शुभेच्छापत्र, म्हणजे ‘नेंगाजो’, १ जानेवारीच्या सकाळी मिळायला हवं. टपालखातं ही कार्डं १५ डिसेंबरपासून स्वीकारतं आणि २५ तारखेपर्यंत पेटीत पडलेली कार्डं राखून ठेवून वर्षाच्या पहिल्या दिवशी घरपोच करतं. हाताशी दिवस दहा-अकरा; आणि बऱ्यापैकी गोतावळा असलेल्या घराला परवापरवापर्यंत शंभर कार्डं सहज लागत.

छापील कार्ड आणून नुसते पत्ते टाकले, तर काम एका संध्याकाळी उरकतं, पण कोरडं वाटतं. प्रत्येक कार्ड कुंचल्याने रंगवायचं म्हटलं, तर यादी अर्धी व्हायच्या आत तारीख उलटते. या पेचावर तिथल्या माणसांनी वेळोवेळी जी घरगुती उत्तरं काढली, त्यांतलं सर्वांत चिवट उत्तर म्हणजे शिक्का. एकदा कोरायचा, शंभरदा उमटवायचा, आणि तरी प्रत्येक ठशात हाताचा दाब थोडा वेगळा राहतोच.

टपाल, सोडत आणि सुतक

नववर्षाला थोरामोठ्यांच्या घरी जाऊन अभीष्टचिंतन करण्याची रीत जपानमध्ये जुनी. १८७१मध्ये तिथे आधुनिक टपालसेवा सुरू झाली. १ जानेवारी १८७३पासून जुनं पंचांग बाजूला ठेवून पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली गेली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोस्टकार्ड आलं. जिथे पायी जाणं जमत नव्हतं, तिथे कार्ड जाऊ लागलं. कार्डांचा लोंढा इतका वाढला, की १८९९पासून टपालखात्याला त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागली.

दुसऱ्या महायुद्धात ही व्यवस्था बंद पडली. युद्ध संपलं तेव्हा कोण कुठे आहे, कोण हयात आहे, याचा हजारो घरांना पत्ता नव्हता. नेंगाजो पुन्हा सुरू झाले तर निदान एकमेकांची खुशाली कळेल, असं ओसाकातल्या हायाशी मासाजी या सामान्य नागरिकाला वाटलं. कार्डं खपावीत म्हणून प्रत्येकावर सोडतीचा क्रमांक छापावा, ही कल्पना त्याने टपालखात्याच्या गळी उतरवली. १९५०च्या नववर्षाला पहिली सोडत निघाली आणि सर्वांत मोठं बक्षीस होतं शिलाई मशीन. सोडत आजही निघते.

या प्रथेला एक हळवी बाजूही आहे. घरात त्या वर्षी कोणी गेलं असेल, तर ते कुटुंब नेंगाजो पाठवत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीलाच साधं कार्ड टाकून तसं कळवलं जातं, म्हणजे इतरांनीही अभिनंदनाचं कार्ड धाडू नये. आपल्याकडे वर्षाच्या आत दुःख झालेल्या घरात दिवाळी करत नाहीत, फराळ शेजारपाजारहून येतो. त्यामुळे हा संकेत मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

रताळं, रबर, खोडरबर

घरच्या घरी ठसा करायचा तर लाकूड सगळ्यांना झेपत नाही. म्हणून स्वयंपाकघरातून रताळं किंवा बटाटा उचलला जाई. आपल्या प्राथमिक शाळांत ठसेकामाच्या तासाला भेंडी आणि बटाटा कापतात, तोच प्रकार. कापलेल्या भागावर पाणी आणि पिष्ट सुटतं, ते कापडाने टिपल्याशिवाय रंग धरत नाही. शिवाय हा ठसा त्याच दिवशीचा. दुसऱ्या दिवशी तो आक्रसतो आणि कडा वाकड्या होतात. यादी मोठी असली की रताळं अपुरं पडतं.

रबरी शिक्का टिकाऊ, पण तो घरी होत नाही. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक आणि उष्णतेने रबर पक्कं करण्याच्या कृतीचं अमेरिकी पेटंट १८४४मध्ये घेतलं. त्या काळी कवळ्यांच्या हिरड्याही अशाच पक्क्या केलेल्या रबराच्या होत आणि दंतवैद्यांकडे त्यासाठी छोटी भांडी असत. सुरुवातीचे रबरी शिक्के त्याच भांड्यांत शिजले, असं या धंद्याचा इतिहास सांगतो. अक्षरांचा साचा घ्या, त्यात कच्चं रबर दाबा, तापवा: हे कारागिराचं काम. त्या-त्या वर्षाच्या प्राण्याचे (जपानमध्ये बारा वर्षांच्या चक्रात उंदीर, बैल, वाघ असे प्राणी येतात) तयार शिक्के डिसेंबरमध्ये कागद-पेन्सिलींच्या दुकानात मिळतात. पण शेजाऱ्याकडेही तोच वाघ असतो.

ही अडचण खोडरबराने सोडवली. हल्लीचं पांढरं खोडरबर नावालाच रबर. ते मुख्यतः पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य यांचं असतं. त्याला रेषा नाहीत, गाठी नाहीत, म्हणून पातं कुठल्याही दिशेला सारखंच सरकतं. शाळकरी मुलं बाकावर बसून हा उद्योग करतच होती. त्याला मोठ्यांच्या जगात मान मिळाला तो नॅन्सी सेकी यांच्यामुळे. १९६२मध्ये आओमोरीत जन्मलेल्या या लेखिका टीव्हीवरच्या कार्यक्रमांवर नियतकालिकांत तिखट सदरं लिहीत आणि सोबत त्या प्रसिद्ध चेहऱ्याचा खोडरबरात स्वतः कोरलेला ठसा देत. २००२मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या.

ठसा कसा उमटतो

चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढायचं, कागद पालथा घालून खोडरबरावर ठेवायचा आणि पाठीवरून नखाने घासायचं. ग्रॅफाइट रबरावर उतरतं आणि चित्र आपोआप उलटं होतं. कार्डावर ते पुन्हा सुलट येतं. त्यामुळे अक्षरं उलटी कोरण्याची डोकेफोड करावी लागत नाही.

खरी गोम पात्याच्या कोनात आहे. ठेवायच्या रेषेच्या कडेने पातं असं तिरकं धरायचं, की रेषा वर अरुंद आणि तळाशी रुंद राहील. उभं किंवा आत झुकलेलं पातं लावलं, तर रेषेचा पाया कापला जातो आणि दहाव्या-बाराव्या ठशाला ती लवते, मग तुटते. वळणावर पातं न फिरवता रबर फिरवायचं. नवशिक्यांसाठी वरचा थर रंगीत आणि आतला पांढरा अशी खास खोडरबरं मिळतात, कोरलेलं तिथे लगेच दिसतं.

शाई लावताना शिक्का गादीवर आपटायचा नाही. शिक्का पालथा धरून त्यावर छोटी गादी हलक्या हाताने टिपत जायची, म्हणजे शाई खाचांत भरत नाही. शाईचे मुख्य प्रकार दोन. रंजकाची शाई पाण्यासारखी पातळ, ती कागदात मुरते, चटकन वाळते आणि थोडी पसरते. रंगद्रव्याची शाई दाट, ती कागदाच्या वर बसते, रेषा ठसठशीत येते, पण वाळायला वेळ घेते. हीच ओल काही जण कामाला लावतात: ओल्या ठशावर बारीक राळेची पूड भुरभुरवतात, जास्तीची झटकून टाकतात आणि गरम हवेचा झोत देतात. पूड वितळते, ठसा चकचकीत आणि बोटाला लागेल असा उठून येतो. पूर्वीची गादी मात्र वापरण्याआधी दर वेळी ओली करावी लागे. हवेतली ओल धरून ठेवणाऱ्या शाईची, न सुकणारी गादी विकून १९२५मध्ये सुरू झालेली नागोयाची ‘शाचिहाता’ कंपनी नावारूपाला आली, ती अजून शिक्क्यांच्याच धंद्यात आहे.

यंत्राने केलेली सोय

१९७७मध्ये ‘रिसो’ कंपनीने ‘प्रिंट गोक्को’ हे छोटं यंत्र काढलं. कार्बन असलेल्या शाईने चित्र काढायचं, ते यंत्रात ठेवून फ्लॅशचे दिवे उडवायचे. काळ्या रेषा तापतात, त्यांना टेकलेला पातळ पडदा नेमका तिथेच वितळतो आणि जाळी तयार होते. मग वरून शाई ओतून एकामागून एक कार्डं दाबायची आणि वाळायला घरभर मांडून ठेवायची. अशी एक कोटीहून अधिक यंत्रं खपली. मग घरोघरी संगणक आणि प्रिंटर आले, पत्तेसुद्धा छापून निघू लागले, आणि २००८मध्ये या यंत्राची विक्री थांबली.

प्रिंटरने हिशेब एकदम सोपा केला. २००४च्या नववर्षासाठी टपालखात्याने सुमारे ४४६ कोटी कार्डं काढली, दरडोई जवळपास पस्तीस. तो कळस ठरला. २०२५साठी सुरुवातीला फक्त १०७ कोटी निघाली, आणि त्याआधी ऑक्टोबरमध्ये पोस्टकार्डाचा दर ६३ येनवरून ८५वर गेला. दोष मोबाइलला दिला जातो आणि तो बराचसा खराही आहे. पण पुढून-मागून यंत्रातून निघालेलं कार्ड हातात धरलं, की ते पाठवायला कुणाला काही कष्ट पडले असतील असं वाटत नाही. ज्याला कष्ट पडले नाहीत, ते बंद करायलाही जड जात नाही. ‘यंदापासून कार्ड पाठवणं थांबवत आहोत’ असं नम्रपणे कळवणारं शेवटचं कार्ड धाडण्याची तर आता स्वतंत्र रीतच पडली आहे.

यादी वीस-पंचवीस नावांवर आली, तरी कोरण्याची खोडरबरं शंभर येनच्या दुकानांतही मिळतात. उरकण्याची घाई गेल्यावरही माणसं कोरतात, कारण शिक्क्यात खर्च झालेली संध्याकाळ समोरच्याला दिसते. वाकडी रेष, एका कोपऱ्यात कमी बसलेली शाई, यातून पाठवणाऱ्याचा हात ओळखू येतो.

मराठीत करून पाहायचं तर आपली लिपी सोयीची आहे. शिरोरेषेमुळे पूर्ण शब्द एकसंध राहतो, सुटी अक्षरं रांगेत बसवावी लागत नाहीत. धोका अनुस्वाराचा. एकटा ठिपका रबरावर पहिला तुटतो, म्हणून त्याचा पाया रुंद ठेवावा. संक्रांतीला पाकिटात चिमूटभर तिळगूळ घालून भेटकार्ड टाकण्याची आपली जुनी पद्धत आहे, तिच्यासाठी असा शिक्का कोरून पाहावा. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ यात एकही अनुस्वार नाही.