दात किती दुखतो, भीती किती दुखवते?

दाताच्या दवाखान्यात आपला नंबर अजून लागलेला नसतो. आतून यंत्राचा बारीक, कर्कश आवाज येतो आणि बाहेर बाकावर बसल्याबसल्याच जबडा आवळला जातो. दाताला कोणी हातही लावलेला नसतो, तरी दुखणे सुरू! घरातले याला नखरे म्हणतात. पण हे नखरे नव्हेत.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी सांगितले की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना वाटेत जणू एक दार लागते आणि मेंदू स्वतःच ते कमी-जास्त उघडू शकतो. त्या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, मूळ मुद्दा मात्र टिकला. भीती आणि चिंता हे दार सताड उघडतात, तर दिलासा आणि दुसरीकडे गुंतलेले लक्ष ते लोटून घेतात.

दात कोरणारे यंत्र हवेच्या दाबावर मिनिटाला ३ लाखांहून अधिक फेरे घेते. त्या आवाजाने दुखत नाही, पण जुन्या वेदनेची आठवण जागी होते. मग पाण्याचा साधा स्पर्शही सुईसारखा वाटतो.

१९६० साली अमेरिकेतील दंतवैद्य गार्डनर आणि ध्वनीचे अभ्यासक लिकलायडर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णाच्या कानात संगीत आणि धबधब्यासारखा आवाज सोडायचा आणि तो वाढवण्याची कळ त्याच्याच हातात द्यायची. अनेकांचे दुखणे कमी झाले. ही किमया एकट्या आवाजाची नव्हती. लक्ष वळले होते आणि कळ आपल्या हाती आहे हा धीर होता.

हा धीर आपणही मिळवू शकतो. 'मी डावा हात वर केला की थांबा,' असे डॉक्टरांशी आधीच ठरवावे. त्यांना विचारून कानात इअरफोन लावून तिलावत ऐकावी, किंवा संथ श्वासासोबत मनात जिक्र करावा.

मुलांच्या बाबतीत जबाबदारी आपली आहे. 'गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील!' ही धमकी आम्हा शिक्षकांच्याही कानावर नेहमी येते. अशी धमकी ऐकत वाढलेले मूल दाढ किडली तरी सांगत नाही. 'काहीच दुखणार नाही' हे खोटेही नको, कारण एकदा फसलेले मूल पुन्हा विश्वास ठेवत नाही. 'थोडे टोचेल, मग बधिर होईल, मी इथेच आहे,' एवढे खरे बोलणे पुरे.

आपल्या घरांतील अम्मी आणि दादी तर लवंग दाबून महिनोन्‌महिने सोसतात. पण जंतुसंसर्ग होऊन सुजलेल्या जागी बधिर करण्याचे इंजेक्शनही नीट लागू पडत नाही. ज्या भीतीने दवाखाना टाळला, तीच वेदना वाढवून ठेवते. सब्र म्हणजे इलाज टाळणे नव्हे. शरीर अल्लाहची अमानत आहे. घरात कोणी गाल धरून गप्प बसले असेल, तर आजच विचारा आणि बिस्मिल्लाह म्हणून सोबत जा.