पाखल्याचे डोळे

बायण्याला आमच्या शेजारी एक मुलगी राहायची. रंगाने सावळी, पण डोळे काचेच्या गोट्यांसारखे निळे. बंदराचा गाव आमचा, त्यामुळे लोक हसून म्हणायचे, "पाखल्याचे डोळे गो हिचे!" हाकेला मात्र ती वळत नसे. तीन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा "काही मुलं उशिराच बोलतात गो" असं म्हणून शेजारणींनी तिच्या आईला धीर दिला. त्यात आणखी एक वर्ष गेलं. तिच्या वडिलांच्या कपाळावर लहानपणापासून केसांची पांढरी बट होती. त्या बटेचा मुलीच्या कानांशी संबंध असेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शेवटी डॉक्टरांनी नाव सांगितलं: वार्डनबर्ग सिंड्रोम. वार्डनबर्ग हे डच नेत्रतज्ज्ञ. त्यांनी १९५१ साली याचं सविस्तर वर्णन केलं. केसांना, कातडीला, बुबुळांना रंग देणाऱ्या पेशी गर्भात एकाच ठिकाणाहून निघून अंगभर पसरतात. काही आतल्या कानातही पोचतात. तिथे रंगाचं काय काम, असं मलाही वाटलं होतं! पण कानातल्या द्रवातलं क्षारांचं प्रमाण राखायला त्या लागतात. त्याशिवाय आवाजाचा संदेश मेंदूकडे जात नाही. या पेशी जिथे पोचत नाहीत तिथे खोट राहते. एकाच घरात बापाची नुसती बट पांढरी, आणि लेकीचे कानच बंद.

जन्मजात बहिरेपणाची निम्म्याहून जास्त कारणं आनुवंशिक असतात, आणि त्यातल्या साधारण ३० टक्के मुलांत कानाच्या जोडीने दुसरंही काही बिघडलेलं असतं. त्यालाच सिंड्रोम म्हणायचं. अशर सिंड्रोममध्ये बहिरं मूल पुढे रात्री चाचपडायला लागतं, मग हळूहळू नजर अरुंद होते. ओठ वाचून किंवा खुणांनी बोलणाऱ्या मुलाचे डोळेच गेले तर? जर्वेल-लँग-नील्सन सिंड्रोम तर जिवावरचा. बहिरं मूल धावताना किंवा दचकून बेशुद्ध पडलं, तर लोक फेफरं समजतात. दोष असतो हृदयाच्या ठोक्यांत. एका साध्या ईसीजीत तो दिसू शकतो. या दोन्हींत आईबाप चांगले ऐकणारे असतात, दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावरच आजार होतो. म्हणून "आमच्या घराण्यात कोणी बहिरं नाही" या बोलण्याला अर्थ नाही.

सगळंच रक्तातून येतं असंही नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला, तर बाळाचे कान, डोळे, हृदय तिन्ही बिघडू शकतात. गोवर-रुबेला लसीची देशातली मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये ज्या पाच ठिकाणी सुरू झाली, त्यांत गोवा होता.

वार्डनबर्गमध्ये मात्र आईबापांपैकी एकाकडून आलेलं जनुक पुरतं; दर बाळंतपणाला शक्यता निम्मी. शेजारच्या घरी पुढे मुलगा झाला. डोळे काळेभोर, केस काळे. तरी त्याचे आईवडील त्याला पहिल्याच महिन्यात कानांच्या तपासणीला घेऊन गेले. त्याला ऐकू येतं. बहीण आता श्रवणयंत्र लावते, आणि त्याच्याशी भांडताना ते काढून ठेवते.