प्रिंटहेडचे तापमान आणि रंगाचा कस

थर्मल इंकजेट प्रिंटरमध्ये शाई कागदावर फेकण्याचे काम उष्णता करते. प्रिंटहेडमधल्या प्रत्येक सूक्ष्म छिद्रालगत एक इवलासा हीटर असतो. विजेचा झटका मिळताच काही मायक्रोसेकंदांत त्याचा पृष्ठभाग ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. त्याला टेकलेल्या शाईच्या पातळ थराची वाफ होते आणि फुगणारा बुडबुडा छिद्रातून थेंब बाहेर ढकलतो. कॅनन आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी हे तंत्र १९७०च्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्रपणे विकसित केले. ह्युलेट-पॅकार्डचा थिंकजेट १९८४मध्ये बाजारात आला.

खरी अडचण उरलेल्या उष्णतेची. थेंबाबरोबर बरीच उष्णता बाहेर जाते, पण काही सिलिकॉनच्या चिपमध्ये साठत राहते. शाई तापली की पातळ होते, थेंब मोठा होतो आणि रंग गडद उमटतो. छायाचित्रात निळेशार आकाश मोठे असेल, तर निळी शाई सोडणारी छिद्रे सतत चालून जास्त तापतात. मग पानाच्या वरच्या आणि खालच्या भागातली तीच छटा जुळत नाही, कधी आडवे पट्टे दिसतात. हा दोष त्वचेच्या आणि करड्या छटांमध्ये आधी लक्षात येतो, कारण तिथे एका रंगाचा तोल किंचित ढळला तरी डोळ्याला खुपतो. तापमान फारच वाढले, तर शाईत विरघळलेली हवा सुटते, छिद्रे अडतात आणि छपाईत पांढऱ्या रेघा राहतात. उलट प्रिंटहेड गार असेल, तर शाई दाट राहून थेंब लहान पडतो.

म्हणून चिपवरच तापमान मोजण्याची सोय असते. गार प्रिंटहेडला थेंब न उडवता हलके झटके देऊन ऊब आणतात. तापलेल्याचे झटके आखूड करतात किंवा त्याला क्षणभर थांबवतात. मोठे चित्र छापताना प्रिंटर मध्येच थबकतो, तो कित्येकदा याचसाठी.

हीटरवर शाईतील घटक करपून थर साचणे हा संथ पण चिवट दोष. त्या थरामुळे उष्णता शाईपर्यंत नीट पोचत नाही, थेंब क्षीण होतात आणि रंग फिके पडत जातात. म्हणूनच शाईची शुद्धता फार महत्त्वाची. कार्ट्रिज रिकामे असताना छपाई रेटणे तर टाळायलाच हवे: हीटरची उष्णता वाहून नेणारी शाईच नसेल, तर तो जळू शकतो.

एप्सनच्या पिझो पद्धतीत शाई उकळत नाही. विजेने आकार बदलणारा घटक ती ढकलतो. त्यामुळे करपण्याचा प्रश्न मिटतो, मात्र शाईचा दाटपणा तिथेही तापमानानुसार बदलतो. दाट यूव्ही शाई वापरणाऱ्या औद्योगिक यंत्रांत म्हणूनच प्रिंटहेड मुद्दाम कोमट ठेवतात.