लेइफंगचा स्तूप आणि मावळतीचा प्रकाश

चीनमधील हांगचौ नगरीच्या पश्चिम सरोवराची दहा प्रेक्षणीय दृश्ये दक्षिण सुंग काळापासून (इ. स. ११२७ ते १२७९) प्रसिद्ध आहेत. त्यांतील एकाचे नाव 'लेइफंगवरील सायंप्रकाश' असे आहे. चिनी उद्यानकलेला या सरोवराने शतकानुशतके आदर्श पुरविला. बेजिंगच्या ग्रीष्मप्रासादाचे सरोवर त्याच्याच धर्तीवर रचलेले आहे. २०११ साली युनेस्कोने पश्चिम सरोवराचा जागतिक वारशात समावेश केला. सायंकाळी त्याच्या काठी छायाचित्रकारांची दाटी होते. त्यांच्या भिंगासमोर असलेल्या वास्तूविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. कारण तिचे एक सुंदर छायाचित्र आम्ही एका दिनदर्शिकेवर पाहिले आणि त्याखाली 'हजार वर्षांचा प्राचीन स्तूप' असे छापलेले होते.

मूळ स्तूप इ. स. ९७५ च्या सुमाराचा. वू-युए राज्याचा राजा छिएन छू याने तो उभारला. सम्राट अशोकाने ८४,००० स्तूप बांधले, ही 'अशोकावदाना'तील कथा चीनमध्ये अनुवादरूपाने पोहोचली होती. (पालि 'महावंसा'त हीच संख्या विहारांची असून ती ८४,००० धम्मक्खन्धांशी जोडलेली आहे; चिनी परंपरेने मात्र अवदानातील कथा स्वीकारली.) त्या आदर्शाने छिएन छूने धातूचे लहान लहान ८४,००० स्तूप करविले. लेइफंगच्या विटांना छिद्रे पाडून त्यांत एका धारणीसूत्राच्या मुद्रित गुंडाळ्या ठेवल्या. प्रत्येक गुंडाळीच्या आरंभी राजाचे नाव, ८४,००० ही प्रतींची संख्या आणि ९७५ हे वर्ष कोरीव ठशाने छापलेले आहे. युरोपात गुटेनबर्गने छपाई सुरू केली, त्याच्या सुमारे पावणेपाचशे वर्षे आधीची ही गोष्ट होय.

सोळाव्या शतकात जपानी चाच्यांच्या स्वाऱ्यांच्या काळात स्तूपाचे लाकडी सज्जे व छपरे जळाली, असे सांगतात. उरला तो विटांचा गाभा. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या छायाचित्रांत तो माथ्यावर झुडपे वाढलेला, कडा झिजलेला असा दिसतो. लू शुन या लेखकाने तो प्रत्यक्ष पाहिला होता आणि त्याला ते प्रसिद्ध दृश्य फारसे सुंदर वाटले नव्हते. ही वीट घरात ठेवल्यास अरिष्ट टळते, या समजुतीने लोक पायथ्याच्या विटा उपसून नेत राहिले. २५ सप्टेंबर १९२४ रोजी स्तूप कोसळला. आत मुद्रित सूत्रे आहेत, हे तेव्हा कळले! ज्या वास्तूत बुद्धवचन म्हणून ग्रंथ जपून ठेवला, ती अंधश्रद्धेने पोखरली गेली, ही गोष्ट आम्हांस चाच्यांच्या आगीपेक्षा अधिक बोचते.

आज दिसतो तो २००२ साली पुरा झालेला, पोलाद व ब्राँझ वापरून बांधलेला पाच मजली अष्टकोनी स्तूप. त्यास वर जाण्यासाठी सरकते जिनेदेखील आहेत. आता छायाचित्राकडे वळू. बहुतेक जण पूर्वेकडील छांगछ्याओच्या काठावर उभे राहतात. तेथून सूर्य स्तूपाच्या पाठीमागे उतरतो. मावळतीचे स्थान हिवाळ्यात दक्षिणेकडे व उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकत असल्यामुळे काठावरची जागाही ऋतूप्रमाणे बदलावी लागते. आकाशाच्या उजेडावर मोजमाप केले की वास्तू काळी पडते आणि वर वळलेल्या छपरांची टोके स्वच्छ उमटतात. त्या टोकांवर झाडाची फांदी येऊ देऊ नये, कारण काळ्यात काळे मिसळले की आकार हरवतो. कॅमेरा तिपाईवर हवा. सूर्य बुडाल्यावरही घाई करून निघू नये. दिवे लागतात आणि आकाशाचा निळा उजेड व दिव्यांचा पिवळा उजेड काही मिनिटे समतोल राहतो, ती वेळ खरी मोलाची.

परंतु या पद्धतीत एक फसवणूक दडलेली आहे. काळ्या आकृतीत पोलाद कोणते, वीट कोणती, हे ओळखू येत नाही. २००२ सालचा स्तूप ९७५ सालचा भासतो. शिवाय दृश्याच्या पारंपरिक नावाचा अर्थ मावळत्या उन्हात उजळलेला स्तूप असा आहे, छायेतील नव्हे. तो अर्थ पकडायचा असल्यास सूर्य पाठीशी घेऊन पश्चिमेकडील सू बांधाच्या बाजूने पाहिले पाहिजे. तेथून भिंतींवर ऊन दिसते, आणि बांधकामाचे नवेपणही लपत नाही. आमची पसंती त्या चित्रास आहे. चित्राखाली दोन्ही वर्षे छापावीत. त्यास एक ओळ पुरते.

मूळ विटा नव्या स्तूपाच्या तळमजल्यात, काचेआड जपून ठेवल्या आहेत. २००१ साली त्यांच्याखालच्या भूमिगत कक्षातून अशोक-पद्धतीचा चांदीचा लहान स्तूप मिळाला. सायंकाळचे ऊन तेथवर पोहोचत नाही. भिंग काचेला अगदी टेकवून धरल्यास प्रतिबिंब टळते आणि विटांच्या ढिगावर लोकांनी टाकलेली नाणी व नोटाही चित्रात येतात.